सह्याद्रीतल्या 'नरक्या'पासून खरंच कॅन्सरचं औषध बनतं का? आणि त्याची तस्करी का होते?

सातारा, कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गातल्या स्थानिक बातम्या तुमच्या फीडमध्ये येत असतील, तर 'नरक्याची तस्करी, वाहन जप्त' असा मथळा कधी ना कधी डोळ्यांखालून गेला असेल. सोबत वन विभागाचे कर्मचारी आणि त्यांच्यासमोर लाकडाच्या ढलप्यांनी भरलेली पोती, असा फोटो. आणि तुम्ही एखाद्या फॅमिली ग्रुपवर असाल, तर 'सह्याद्रीत सापडलं कॅन्सरवरचं रामबाण झाड, जास्तीत जास्त शेअर करा' हाही मेसेज एकदा तरी आलाच असेल.

दोन्हीकडे झाड एकच आहे. मग प्रश्न पडतो, यातलं खरं किती?

थोडक्यात उत्तर असं: हो, नरक्यात सापडणाऱ्या एका रसायनापासून कॅन्सरची औषधं बनतात. ती भारतातल्या रुग्णालयांत वापरलीही जातात. पण झाड आणि औषध यांच्यात फार मोठं अंतर आहे. ते अंतर गाळून नुसतं 'कॅन्सरचं झाड' म्हणत राहिलं की त्याचा फटका रुग्णालाही बसतो आणि झाडालाही. म्हणून हे अंतरच जरा नीट समजून घेऊ.

दिसतं कसं, वाढतं कुठे?

नरक्या म्हणजे मोठं झुडूप किंवा लहानसं झाड. बऱ्याचदा माणसाच्या दुप्पट उंचीचं, जागा चांगली मिळाली तर सात-आठ मीटरपर्यंत जाणारं. सह्याद्रीत जिथे पाऊस भरपूर पडतो आणि जंगल वर्षभर हिरवं राहतं, तिथे मोठ्या झाडांच्या सावलीत आणि जंगलाच्या कडेने ते वाढतं. महाबळेश्वरला जांभूळ, अंजनी आणि पिसा यांचं जे दाट, बुटकं रान आहे, त्यात ते आहे. कोयनेचं खोरं, राधानगरी, आंबोली असं करत ते पुढे गोवा, कर्नाटक आणि केरळपर्यंत सापडतं. भारताबाहेर श्रीलंकेत आणि आग्नेय आशियाच्या काही भागांतही आहे.

पानं मोठी, लंबगोल, फांदीच्या शेंड्याकडे दाटीने आलेली. पावसाळ्यात शेंड्यांवर फिकट पिवळसर-पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ येतात. पावसाळा सरता सरता फळं धरतात. आधी हिरवी, मग लालसर आणि पिकली की जांभळट-काळी. आकाराने साधारण लहान जांभळाएवढी. इंग्रजीत अशा फळाला सर्रास बेरी म्हणून मोकळे होतात, पण आत एकच कडक आठळी असल्यामुळे वनस्पतीशास्त्रात हे आठळीफळ. म्हणजे आंबा आणि बोराच्या पंगतीतलं.

सगळ्या झाडांना फळं धरतातच असंही नाही. काही झाडांना फक्त नर फुलं येतात. ही गोष्ट लक्षात असू द्या, तस्करीच्या वेळी कामाला येईल.

दिसायला जांभळासारखं आहे म्हणून फळ तोंडात टाकू नका. कारण पुढे कळेलच.

एकाच झाडाचं नाव 'नरक्या' आणि 'अमृता'ही?

नरक्या हे नाव वासावरून पडलं. फुलांना घाण वास येतो, आणि तो थोडाथोडका नसतो. कन्नडमध्ये तर याला सरळ 'दुर्वासने मर' म्हणतात, म्हणजे दुर्गंधीचं झाड. जुन्या शास्त्रीय नावातही तोच शेरा होता: मॅपिया फिटिडा. लॅटिनमध्ये फिटिडा म्हणजे घाण वासाचं. आपल्या स्वयंपाकघरातल्या हिंगाच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे, पण हिंगाला फोडणीने वाचवलं. नरक्याच्या नशिबी ते नव्हतं.

सध्याचं शास्त्रीय नाव आहे नॉथापोडायटीस निमोनियाना. यातलं 'निमोनियाना' ऐकून न्यूमोनिया आठवतो, पण त्याचा काही संबंध नाही. १८३९ साली मुंबईत जॉन ग्रॅहम यांची मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची सूची प्रसिद्ध झाली. ती पुरी व्हायच्या आधीच ग्रॅहम वारले आणि उरलेलं काम जोसेफ निम्मो यांनी तडीस नेलं. झाडाच्या नावात आहेत ते हे निम्मो.

मराठीत याला 'अमृता' असंही म्हटलेलं सापडतं. नरक आणि अमृत एकाच बुंध्यावर, हे मथळ्यासाठी छान आहे. पण सावध राहा: संस्कृतात आणि आयुर्वेदात 'अमृता' म्हणजे गुळवेल. ती वेगळी वेल, वेगळ्या कुळातली. फॉरवर्ड मेसेजमध्ये या दोन अमृतांची सरमिसळ झाली तर ती निव्वळ भाषेची गंमत उरत नाही.

औषध सापडलं दुसऱ्याच झाडात, आणि शोधणारा होता नंदुरबारचा

ही गोष्ट सह्याद्रीत सुरू होत नाही. ती सुरू होते अमेरिकेत, एका चिनी झाडापासून.

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातले रसायनतज्ज्ञ मनरो वॉल हजारो वनस्पतींचे अर्क तपासत होते. त्यांना हवी होती स्टेरॉइड बनवायला उपयोगी पडणारी रसायनं. तेच अर्क पुढे कॅन्सरविरोधी गुणासाठीही तपासले गेले, आणि त्यात कॅम्प्टोथेका अक्युमिनाटा या चिनी झाडाच्या अर्काने उंदरांमधल्या ल्युकेमियावर चांगला परिणाम दाखवला. चिनी भाषेत या झाडाच्या नावाचा अर्थ 'आनंदाचं झाड' असा होतो. त्यांचं आनंदाचं, आपलं नरकाचं. रसायन मात्र तेच निघालं.

वॉल नंतर नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथे १९६२ साली त्यांना सहकारी मिळाले मनसुख वाणी. जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून पीएचडी. वॉल, वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अर्कातून नेमका गुणकारी रेणू वेगळा काढला, त्याची रचना उलगडली आणि १९६६ साली ती जाहीर केली. रेणूचं नाव ठेवलं कॅम्प्टोथेसिन.

पाच वर्षांनी, १९७१ साली, याच जोडीने पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधल्याचं जाहीर केलं. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरवर आज जगभर वापरलं जाणारं औषध. म्हणजे केमोथेरपीतल्या दोन मोठ्या औषध-घराण्यांच्या मुळाशी नंदुरबारचा एक माणूस आहे. वाणी २०२० साली, वयाच्या ९५व्या वर्षी गेले. महाराष्ट्रात हे नाव शाळकरी मुलांना माहीत असायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं. असो.

आता आपला नरक्या कुठे येतो? १९७२ साली. टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी नरक्यातही कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. तेव्हा गोविंदाचारी मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. चिनी झाड आणि नरक्या यांचं जवळचं नातं नाही, ती वेगवेगळ्या कुळांतली आहेत. तरीही दोघांनी तोच गुंतागुंतीचा रेणू बनवला. आणि पुढच्या तपासण्यांत दिसलं की नरक्यात हा रेणू तुलनेने भरपूर असतो. इथून या झाडाची दुर्दशा सुरू होते, पण लगेच नाही. कारण औषध आधी चक्क नापास झालं.

नापास झालेलं औषध पुन्हा आलं कसं?

कॅम्प्टोथेसिनची मोठी अडचण अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आणि जे विरघळत नाही ते शिरेतून द्यायचं कसं? मग त्याचा सोडियम क्षार बनवला. तो विरघळला. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि निकाल वाईट आला. गुण बेताचा, दुष्परिणाम भयंकर. मूत्राशयातून रक्तस्राव, रक्तपेशी घटणं. चाचण्या थांबल्या. नंतर लक्षात आलं की क्षार बनवताना रेणूतलं एक कडं उघडत होतं, आणि औषधाची खरी ताकद त्या बंद कड्यातच होती.

पुढची बारा-तेरा वर्षं या रेणूकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९८५ साली तो नेमकं काय करतो हे कळलं आणि चक्र पुन्हा फिरलं.

ते काय करतो, हे समजायला एक सुतळी घ्या. दोन पदरांची, चांगली पिळलेली. दोन्ही टोकं घट्ट धरून मधले पदर सुटे करायला गेलात तर पुढे पीळ वाढत जातो, शेवटी गुंता होतो. आपल्या पेशींतला डीएनए हा असाच दोन पदरी पीळ आहे. पेशी दुभंगण्याआधी त्याची नक्कल करावी लागते, म्हणजे पदर सुटे करावे लागतात. पुढचा गुंता सोडवायला पेशीत टोपोआयसोमरेज-१ नावाचं एक विकर असतं. ते काय करतं, तर एक पदर कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि कापलेली टोकं पुन्हा जोडून टाकतं.

कॅम्प्टोथेसिन बरोबर या क्षणाला मध्ये घुसतं. पदर कापला गेला आहे, जोडायचा आहे, आणि ते कापलेल्या जागी पाचरीसारखं बसतं. जोडणी होत नाही. तेवढ्यात नक्कल करणारी यंत्रणा मागून येऊन त्या जागेवर आदळते आणि डीएनएचे दोन्ही पदर तुटतात. अशी तूट खूप झाली की पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी भराभर दुभंगत असतात, म्हणून त्यांना याचा मार जास्त बसतो. पण आतड्याच्या अस्तरातल्या, केसांच्या मुळांच्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशीही भराभरच दुभंगतात. केमोथेरपीत जुलाब, केस गळणं, रक्तपेशी घटणं होतं ते यामुळे.

यंत्रणा कळल्यावर रसायनतज्ज्ञांनी मूळ रेणूला थोडे फेरफार केले. कडं बंद राहील आणि औषध पाण्यातही विरघळेल, असे. त्यातून आयरिनोटेकन आलं. ते जपानमध्ये विकसित झालं, तिथे १९९४ साली आणि अमेरिकेत १९९६ साली मंजूर झालं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं हे महत्त्वाचं औषध. टोपोटेकनही अमेरिकेत १९९६ सालचंच, ते अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी वापरतात. अलीकडे प्रतिपिंडांना जोडून थेट कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोहोचवायची औषधं आली आहेत. स्तनाच्या कॅन्सरवरच्या ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकनमध्ये जो मारक भाग आहे, तो याच घराण्यातला. औषधाच्या नावाचा शेवट 'टेकन' असा दिसला की समजा, वंश कॅम्प्टोथेसिनचा.

जाता जाता एक मजेदार गोष्ट. इतकं विषारी रसायन बनवणारं झाड स्वतः कसं मरत नाही? २००८ साली संशोधकांनी कॅम्प्टोथेसिन बनवणाऱ्या काही वनस्पती तपासल्या. त्यांच्या टोपोआयसोमरेजमध्ये नेमक्या जागी एक छोटासा बदल सापडला, ज्यामुळे ते रसायन तिथे नीट बसतच नाही. आणि या औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कॅन्सर पेशींमध्येही त्याच जागी बदल आढळलेला होता. झाडाने स्वतःला वाचवायला काढलेली युक्ती आणि कॅन्सरच्या पेशीने औषध चुकवायला काढलेली युक्ती, दोन्ही एकाच ठिकाणच्या.

मग नरक्याचा काढा करून प्यायला तर?

नको. आणि 'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य इथे तर अजिबात चालत नाही.

एक, वर सांगितलं तसं मूळ रसायन पाण्यात विरघळत नाही. उकळलेल्या काढ्यात ते किती उतरलं, याचा काही भरवसा नाही. दोन, एका झाडात ते किती आहे आणि शेजारच्या झाडात किती, यात मोठा फरक असतो. सालीत, मुळांत आणि पानांतही प्रमाण वेगवेगळं. म्हणजे कपात काय आहे हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: हे पेशी मारणारं रसायन आहे. रुग्णालयात आयरिनोटेकन देताना शरीराच्या आकारमानावरून मात्रा काढतात, आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी असतील तर डोस पुढे ढकलतात. काही माणसांच्या यकृतातलं हे औषध निकामी करणारं विकर जन्मतःच मंद असतं, त्यांना नेहमीची मात्राही जड जाते. त्यासाठी जनुकीय चाचणीही आहे. इतकी काळजी घेऊनही दुष्परिणाम होतात. चुलीवरच्या पातेल्यात यातलं काहीच होत नाही.

आणखी एक. मूळ, फेरफार न केलेलं कॅम्प्टोथेसिन माणसांवर वापरून पाहिलं गेलं आणि ते चाचणीत नापास झालं. काढा पिणारा माणूस, झालंच तर, तेच नापास झालेलं औषध घेत असतो. त्यात उपचाराचे महिने वाया जातात ते वेगळेच. घरात कुणाला कॅन्सरचं निदान झालं असेल आणि कुणी या झाडाची पूड, साल किंवा 'अर्क' देऊ करत असेल, तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. लपवून घेऊ नका. चालू असलेल्या औषधांवर त्याचा परिणाम होऊ शकतो.

तस्करीचं गणित

आता पोत्यांकडे येऊ.

औषधकंपन्यांना आयरिनोटेकन किंवा टोपोटेकन बनवायला सुरुवातीचा कच्चा माल म्हणून कॅम्प्टोथेसिन लागतं. प्रयोगशाळेत ते शून्यापासून बनवता येतं, पण पायऱ्या बऱ्याच आणि खर्च मोठा. त्यामुळे वनस्पतीतून काढणं परवडतं. जगाची ही गरज मुख्यतः दोन झाडं भागवत आली आहेत: चिनी कॅम्प्टोथेका आणि आपला नरक्या.

झाडात ते असतं किती? सर्वसाधारण झाडात, वाळलेल्या वजनाच्या एका टक्क्याच्याही आत. हिशेबासाठी ०.३ टक्के धरू. मग एक टन वाळलेल्या लाकडातून, काही वाया गेलं नाही असं मानलं तरी, तीन किलो रसायन निघणार. आणि नरक्या हे काही साग-ऐनासारखं धिप्पाड झाड नाही. मनगटाएवढ्या, दंडाएवढ्या जाडीच्या खोडांचं ते झुडूप. एक टन वाळलेलं लाकूड जमवायचं तर किती झाडं आडवी करावी लागतील, याचा अंदाज करा.

बरं, रसायन साल आणि मुळांत जास्त असतं. त्यामुळे नुसत्या फांद्या छाटून भागत नाही. बुंध्यापासून तोडतात, कुठे मुळासकट उपटतात. खरं तर नरक्या चिवट आहे. बुंधा जमिनीत राहिला तर त्याला पुन्हा फुटवे येतात. पण मुळंच काढली तर फुटणार काय? शिवाय फळं धरणारी झाडं तुटली की त्या टापूत पुढच्या वर्षी बीच पडत नाही. मघाशी नर झाडांचा उल्लेख केला तो यासाठी. एखाद्या उतारावर दहा झाडं उरलेली दिसली म्हणजे दहाही बी देणार, असं नसतं.

तोडलेल्या लाकडाच्या ढलप्या करतात, वाळवतात, पोत्यात भरतात. एकदा ढलपी झाली की नरक्या आणि इतर कुठलंही लाकूड नुसत्या नजरेने वेगळं ओळखणं कठीण. गावातल्या तोडणाऱ्याला मजुरी मिळते, पण हा माल पुढे कुठे जातो आणि त्याचं काय होतं, हे त्याला बऱ्याचदा माहीत नसतं. पकडलं गेलं तर बातमीत नाव त्याचं आणि गाडीच्या चालकाचं येतं. माल मागवणाऱ्याचं नाव क्वचितच दिसतं. माझ्या मते या बातम्यांमधली खरी उणीव ती आहे. ढलप्या शेवटी कुठल्या तरी कारखान्यात जातातच, कारण रसायन वेगळं काढायचं काम घरी होत नाही.

कायदा काय म्हणतो? राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाड तोडणं किंवा वनोपज नेणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. कोयना, राधानगरी ही अभयारण्यं आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परदेशी कंपनीला इथली जैविक संपत्ती व्यापारासाठी वापरायची असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते आणि नफ्यातला वाटा स्थानिकांपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा आहे. कागदावर हे सगळं नीट आहे. जमिनीवर अडचण अशी की सिंधुदुर्ग, रत्नागिरीतलं बरंच जंगल खासगी मालकीचं आहे. तिथे मालकाने रान साफ करायला दिलं की त्यात नरक्या गेला की आणखी काही, हे बघायला कुणी नसतं.

औषधी वनस्पतींच्या स्थितीचा आढावा घेणाऱ्या अभ्यासकांनी दक्षिण भारतात या झाडाला संकटग्रस्तांच्या यादीत घातलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

झाड न तोडता हे जमणार नाही का?

जमू शकतं, याचा पुरावा वाणींच्याच दुसऱ्या औषधात आहे. टॅक्सॉल सुरुवातीला पॅसिफिक यूची साल सोलून काढायचे, आणि साल सोलली की झाड मरतं. अमेरिकेत त्यावरून मोठा वाद झाला. मग दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतून जवळचा एक रेणू काढून त्याचं टॅक्सॉल करता येऊ लागलं. पानं खुडली तरी झाड जगतं. पुढे टाक्यांमध्ये वनस्पतीच्या पेशी वाढवूनही ते बनवायला लागले. जंगली झाडाची साल सोलायची गरज संपली.

नरक्याच्या बाबतीत प्रयत्न कमी झालेले नाहीत. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी नरक्याच्या पेशी द्रव माध्यमात वाढवून त्यातून कॅम्प्टोथेसिन मिळवल्याचं २००१ साली प्रसिद्ध केलं. बंगळुरूच्या कृषी विज्ञान विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटातल्या वेगवेगळ्या भागांतली झाडं तपासून, जास्त रसायन देणारी झाडं शोधली. लागवड करायची तर रोपं अशा झाडांपासून करावीत, हा त्यामागचा विचार. २००५ साली जम्मूच्या शास्त्रज्ञांना नरक्याच्या आतच राहणारी एक बुरशी सापडली, जी स्वतः कॅम्प्टोथेसिन बनवते. ही बातमी तेव्हा खूप गाजली, कारण बुरशी टाकीत वाढवता आली तर जंगलाला हात लावायचं कामच नाही.

पण अशा बुरशींची एक खोड आहे. झाडातून बाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवत गेलं की त्यांची रसायन बनवायची क्षमता कमी होत जाते. चिनी झाडात सापडलेल्या बुरशीबाबतही हाच अनुभव आला. पेशी-संवर्धनात मिळणारं प्रमाण झाडाच्या तुलनेत तोकडं पडतं. आणि लागवडीचं म्हणाल, तर तोडण्याजोगं झाड व्हायला वर्षं लागतात. जंगलात फुकट उभं असताना शेतात कोण लावणार, हा साधा हिशेब आडवा येतो. चीनमध्ये कॅम्प्टोथेकाची लागवड आहे आणि त्याची कोवळी पानं खुडूनही रसायन मिळतं. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर तसं झालेलं नाही.

फोटो काढला तर काय करायचं?

आंबोली, महाबळेश्वर, कोयना इथे पावसाळ्यात फिरायला जाणारे हजारो जण आहेत, आणि वनस्पती ओळखणाऱ्या ॲपमुळे नरक्या ओळखणं आता अवघड राहिलेलं नाही. फोटो जरूर टाका. फक्त पोस्टमधलं लोकेशन बंद ठेवा, आणि फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद राहत असेल तर तीही काढा. वनस्पतींच्या नोंदी ठेवणाऱ्या काही वेबसाइट धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण मुद्दाम धूसर करून दाखवतात, त्यामागचं कारण हेच.

जंगलात ताज्या तोडलेल्या बारीक खोडांचे बुंधे ओळीने दिसले किंवा ढलप्या वाळत घातलेल्या दिसल्या, तर तोडणाऱ्यांशी हुज्जत घालायला जाऊ नका. ठिकाण नोंदवा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री हेल्पलाइनवर कळवा. बुंधा शाबूत असेल तर पुढच्या पावसात त्याच जागी कोवळे फुटवे दिसतील.